सुकदेव, तुझा सिनेमा फाटकाशी अडला

सुकदेव,

तुझ्या शोकसभेत सगळ्यांनी तुला ‘थोर कलावंत’ म्हटलं. म्हणणाऱ्यांतल्या अर्ध्या लोकांच्या ओट्यावर आपण दोघं कागद हातात धरून ताटकळलो होतो. उरलेल्या अर्ध्यांनी ओट्यावरही बसू दिलं नव्हतं. मी खुर्चीत बसून ऐकत होतो आणि माझी कानशिलं तापत होती.

तू जाऊन दोन महिने होत आले. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं घरात सगळे सांगतात. मला ते साधत नाही. त्या शेठवर राग आहे, त्या वकिलावर आहे, पण तुझ्यावर सगळ्यात जास्त आहे, आणि तो तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगताही येत नाही.

तू फोटो स्टुडिओत निगेटिव्हच्या काचांवर पेन्सिल फिरवून लोकांच्या सुरकुत्या घालवायचास आणि मी शाळेत पोरांना आंबा आणि तांब्या काढायला शिकवायचो. बोलपट आले, तसे मुंबईच्या स्टुडिओंनी हाताने फिरवायचे जुने कॅमेरे भंगारात काढले. त्यातला एक तू आणलास. गोणपाटात गुंडाळून, थर्ड क्लासच्या गर्दीत मांडीवर धरून. मी स्टेशनवर आलो होतो. हात लावायला गेलो तर म्हणालास, “मास्तर, हळू. लेकरू आत्ताच झोपलंय.”

त्या आठवड्यात तू मला तुझा सिनेमा सांगितलास. दहा मिनिटांचा, मुका. एक बाई सकाळी असोद्याहून निघते. डोक्यावर फडक्यात बांधलेली भाकर. जळगावच्या जिनात तिचा मुलगा कापसाच्या गठाणी उचलतो, त्याला ती पोचवायची. वाटेत केळीच्या बागा, कापसाच्या गाड्या, फुफाट्यातले तिचे पाय. जिनाच्या फाटकाशी पहारेकरी तिला अडवतो. दुपारचा भोंगा झाल्याशिवाय आत सोडायचा हुकूम नाही. ती उन्हात उभी राहते. भोंगा होतो, फाटक उघडतं, मुलगा येतो, भाकर घेतो. संपलं.

“आणि गोष्ट?” मी विचारलं होतं.

“हीच की.”

“ही कसली गोष्ट, सुकदेव? हे तर रोजच घडतं.”

“माझी आई सात सीझन त्या फाटकाशी उभी राहिली, मास्तर. हरिभाऊची भाकर घेऊन. आतबाहेर करणाऱ्यांतल्या एकानेही तिच्याकडे नीट पाहिलं नाही. आता अंधारात बसवून दहा मिनिटं पाहायला लावतो सगळ्यांना.”

मला तेव्हाही गोष्ट पुरेशी वाटली नव्हती. हे तुला कधी बोललो नाही. पण माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि अर्ज लिहिता लिहिता मी त्या बाईच्या मागे चालायला लागलो.

कॅमेरा होता, फिल्म नव्हती. कच्ची फिल्म, ती मुंबईला धुणं, छापणं, याला लागणारा पैसा तुझ्या पगारात बसणारा नव्हता आणि माझ्याही. दीड वर्ष आपण दारं वाजवली. मुंबईला एका स्टुडिओच्या मॅनेजरने आपल्याला उभ्या उभ्याच विचारलं, “दहा मिनिटांचा? तो लावायचा कुठे? त्याचं तिकीट कोण काढणार?” आणि मग दयेने म्हणाला, “याच्या दसपट लांब करून आणा, मग बोलू.” परतीच्या गाडीत तू म्हणालास, “असोदा ते जळगाव वाट दसपट लांब कशी करू?”

धुळ्याचे ते वकील आठवतात? दारूबंदीच्या मंडळाचे अध्यक्ष. पारोळ्यावरून मोटारीने गेलो, अंगभर धूळ. त्यांनी आपल्याला चहा पाजला, अर्ज दोनदा वाचला. मला आशा वाटली.

“उत्तम आहे,” ते म्हणाले. “फक्त मुलाऐवजी नवरा करा. तो दारुडा. ही बिचारी भाकर घेऊन येते आणि तो गुत्त्यात पडलेला. शेवटी पाटी: दारूने घर बुडते. मंडळ निम्मा खर्च देईल.”

“तो दारू पीत नाही, साहेब,” तू म्हणालास.

“कोण?”

“हरिभाऊ.”

वकील माझ्याकडे पाहायला लागले. मी समजावलं की हा त्याचा मोठा भाऊ. ते हसले. “अहो, पण दारू नाही, मारहाण नाही, मरण नाही, मग सिनेमा कशाला काढायचा?”

तू उठलास, नमस्कार केलास आणि जोडे घातलेस. मी मागे राहून दोन शब्द गोड बोललो. आपलं नेहमी असंच. तू उठून जायचास आणि मी मागे राहून सावरायचो. वाटेत आपलं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, निम्मा खर्च मिळत होता, पाटी काय, शेवटी कापून टाकता आली असती. तू म्हणालास, “आणि हरिभाऊ दारुडा झाला तो कसा कापून टाकणार?”

त्याच दिवशी परतताना पारोळ्याला किल्ल्याजवळ तंबूतला सिनेमा लागला होता. तंबूचे मालक शिंदखेड्याचे, पिकलेल्या मिश्यांचे, त्यांना सगळे आबाच म्हणायचे. त्यांनी तुझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“बठ्ठं खरं शे, भाऊ. पण गाणं कोठे शे? लोके गाणं आयकाले येतस.”

“गाणं नाही, आबा.”

“मंग पैसा मी देवाव नही,” ते सरळ म्हणाले. “पण तू बनाडी लयना, तर मी दखाडसू. मोठा खेळना पहिले.” सगळं खरं, पण लोक गाणं ऐकायला येतात; पैसा देणार नाही, पण बनवून आणलास तर मोठ्या खेळाच्या आधी दाखवीन. दीड वर्षात खोटं न बोललेला तो एकच माणूस. तू त्यांच्या पाया पडलास. मला हसू आलं होतं, कारण मिळालं काहीच नव्हतं. आज वाटतं, तुला तेवढंच हवं होतं.

आणि मग जिनवाले शेठ.

शेठकडे जायचं मी सुचवलं. जीन त्यांचंच, फाटक त्यांचंच, त्यांच्या परवानगीशिवाय शेवट घेता येणार नव्हता. शेठ खूश झाले. त्यांच्या जिनाचा सिनेमा निघणार! फिल्म, धुलाई, छपाई, सगळं देतो म्हणाले. एकच अट. बाई फाटकाशी येते तेव्हा शेठ स्वतः खुर्चीवरून उठतात, तिला सावलीत बसवतात, पाणी देववतात.

“असं कधी झालंय?” तू मला बाहेर आल्यावर विचारलंस.

“नाही झालं. पण घेऊन टाक. आपला शेवटही घे. पुढचं पुढे.”

तू चक्क ‘बरं’ म्हणालास. मला इतकं हलकं वाटलं की मी तुझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नाही.

ते पाच दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले, हेही लिहून ठेवतो. त्या बाईच्या जागी तुझी आई, आपल्या अक्का, तुझ्यापुढे चालत होत्या आणि तू कॅमेऱ्याचा दांडा फिरवत मोजत होतास, सेकंदाला दोन फेरे, ओठ न हलवता. अक्का एकदा थांबून म्हणाल्या, “कारे, मी रोज चालते तं कोणी पाहत नाही, अन् आज एवढं काय पाहून राह्यला?” तू दांडा थांबवलास आणि डोळे पुसलेस. मी धुळीला शिव्या दिल्या, तुला संकोच नको म्हणून.

सहाव्या दिवशी शेठचा प्रवेश. नवी पगडी, उपरणं, चांदीचा तांब्या. तू तासभर त्यांना उठवलंस, बसवलंस, पुन्हा उठवलंस. इतक्या अदबीने की मला तुझा अभिमान वाटला. फाटकाशी उभं राहण्याचा खरा शेवट शेठ गावाला जातील तेव्हा घेऊ, असं आपलं ठरलं. आधी झालेलं काम मुंबईला धुवायला गेलं.

छापलेली रिळं आली तेव्हा शेठनी एका थेटरात दुपारी पडदा घेतला आणि चार मित्रांना बोलावलं. मी अजूनही त्या पडद्यावरच्या अक्कांना विसरलेलो नाही. केळीच्या पानांची सावली त्यांच्या तोंडावरून सरकत गेली तेव्हा शेठचे मित्रसुद्धा गप्प झाले होते. गोष्ट पुरेशी आहे हे मला त्या अंधारात कळलं. आणि मग पडदा पांढरा झाला.

“आमचा प्रवेश?” शेठनी विचारलं.

मी उभा राहिलो. “शेठ, तेवढ्या फिल्मला उजेड लागला. खराब झाली. पुन्हा घेऊ.” कॅमेऱ्यातलं मला काय कळतं? मला तेव्हा खरोखर तसंच वाटलं होतं.

तू माझ्या मागून म्हणालास, “नाही शेठ. त्या वेळी कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती.”

सुकदेव, का? मी तुला हे वर्षभर विचारत आलो आणि तू दर वेळी एकच उत्तर दिलंस: “त्यांनी विचारलं म्हणून.” अरे, मी सांगितलेलं ते मानत होते! फाटकाचा शेवट तेवढा राहिला होता. एक दुपार, एक रीळ. रिकामा दांडा फिरवताना तुला खोटेपणा चालला, आणि एक वाक्य गिळणं चाललं नाही? शेठनी आरडाओरडा केला नाही. मुनिमाला सांगितलं, रिळं गोदामात ठेव, पैसे आपले आहेत. कार्तिकात जीन सुरू झालं तेव्हा हरिभाऊला कामावर घेतलं नाही.

हरिभाऊ त्यानंतर तुझ्याशी बोलला नाही. तू तापाने पडलास तेव्हा तोच रोज उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायचा, पण बोलायचा नाही. तू त्याच्याकडे बघायचास, तो पट्टीकडे बघायचा. एकविसाव्या दिवशी ताप उतरेल असं डॉक्टर म्हणाले होते. सतराव्या दिवशी तू गेलास.

आता माझं सांगतो. तुला न सांगितलेलं.

शेठ पैसे द्यायला तयार झाले त्याच संध्याकाळी त्यांचा निरोप आला होता: बाई फाटकाशी उन्हात उभी असल्याचं दाखवणार नाही, शेठ तिला सावलीत बसवतात तेच दाखवू, असं लिहून द्या. मी लिहून दिलं. तुझ्या नावाने, तुझी सही करून. तुझी सही मला हुबेहूब येते, अर्ज करून करून. मला वाटलं, एकदा सिनेमा झाला की कोण कागद काढून बसतं. शेठना वाटलं की तू शब्दही मोडलास आणि थट्टाही केलीस. हरिभाऊचं काम गेलं त्यात तुझा रिकामा कॅमेरा किती आणि माझा तो कागद किती, याचा निवाडा मला करता येत नाही. तू मरेपर्यंत सगळा दोष आपल्यावर घेतलास आणि मी तो घेऊ दिला. वर तुझ्याशी भांडलोही.

शोकसभा वाचनालयात झाली. अध्यक्ष शेठ. धुळ्याहून वकील आले होते. ते बोलले, “खानदेशच्या मातीतला हिरा.” मग स्मारकाचा विषय निघाला, आणि तुला सांगतो, दीड वर्षात जे झालं नाही ते एका संध्याकाळी झालं. शेठनी आकडा सांगितला, वकिलांनी सांगितला, मागून दोन व्यापाऱ्यांनी सांगितला. तुझं तैलचित्र लावायचं, सोनेरी चौकटीचं, वाचनालयाच्या भिंतीवर. कोणी अर्जदेखील मागितला नाही.

मला आभार मानायला उभं केलं. मी म्हणालो, “चित्र नको. शेठकडे सुकदेवची रिळं आहेत, ती अक्कांना द्या. आणि या पैशातून राहिलेला शेवट पुरा करू.” आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्या कागदाचंही सांगून टाकलं. सही माझी होती, हरिभाऊचा काही संबंध नाही, त्याला कामावर परत घ्या.

शेठ शांतपणे म्हणाले, “मास्तर, ती रिळं मुनिमाने पावसाळ्यातच भंगारवाल्याला दिली. असल्या फिल्मला आग लागते, कापसाच्या गोदामात ठेवून चालत नाही.” पुढे म्हणाले, “आणि फंड चित्रासाठी जमलाय. तो चित्रालाच लागेल.”

हरिभाऊबद्दल ते काही बोलले नाहीत. आजपर्यंत बोललेले नाहीत.

केळीच्या पानांची ती सावली, अक्कांचे पाय, वाटेवरचे बैल, सगळं गेलं. लोक म्हणतात त्या फिल्मचं रसायन खरवडून चांदी काढतात आणि उरलेल्याच्या बांगड्या करतात. मी दोन दिवस शाळेत गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी वाचनालयाचे चिटणीस घरी आले. तैलचित्र मीच काढावं असं कमिटीचं ठरलं होतं. गावात दुसरं कोण होतं? मी दार लावून घेणार होतो. मग विचारलं, मेहनताना किती? त्यांनी सांगितला. एक रीळ कच्ची फिल्म येईल एवढा होता.

महिनाभर मी तुझं तोंड काढलं. तुझ्या उजव्या भुवईवरची खूण मी ठेवली. स्टुडिओत तू ती स्वतःच्या प्रत्येक फोटोतून पुसायचास. चित्र भिंतीला लागलं. शेठनी हार घातला. मी मेहनताना घेऊन तिथूनच मुंबईला मनीऑर्डर केली. तू असतास तर म्हणाला असतास, शेठचेच पैसे घेतलेस की. घेतले. मला तुझ्यासारखं उठून जाता येत नाही, सुकदेव. कधीच येत नव्हतं.

असोद्याला जाऊन अक्कांना सगळं सांगितलं. रिळं गेल्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुले ते यंत्र फिरवता येते का?”

“थोडं येतं.”

“मंग मी चालते. पाय आहेत अजून.” आणि जरा वेळाने, “पण हरी तं आता तिथी नाही. भाकर कोणाले नेऊ?”

मी म्हटलं, एका रिळात सगळी वाट मावणार नाही, फक्त फाटक घेऊ. रस्ता काही शेठचा नाही.

गेल्या आठवड्यात घेतलं. ती फिल्म न धुतलेलीच डब्यात पडून आहे. धुलाईला पुन्हा पैसे नाहीत, पुन्हा अर्ज लिहितोय, या वेळी माझ्या सहीने. पहिल्याच ओळीत लिहितो की यात एक बाई फाटकाबाहेर उन्हात उभी राहते आणि हे बदलणार नाही. दोन नकार आले आहेत. तंबूवाल्या आबांनी निरोप पाठवलाय की शब्द कायम आहे. फिल्म धुतल्याशिवाय तिच्यावर काय उमटलंय ते मला ठाऊक नाही. डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

अक्का ऐन उन्हात फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. पहारेकऱ्याने सवयीने हात आडवा केला, मग ओळखून खाली घेतला. “अक्का, तुमचा हरी इथे नाही आता,” तो म्हणाला. “माहीत आहे भाऊ,” त्या म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या. मी रस्त्याच्या पलीकडून दांडा फिरवत होतो. सेकंदाला दोन फेरे. माझे चुकत होते. भोंगा झाला, फाटक उघडलं, कापसाने पांढरी झालेली माणसं बाहेर आली आणि अक्कांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. अक्का प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. एक-दोघे थांबले, नमस्कार करून गेले. फाटक पुन्हा लागलं.

मग त्या वळल्या आणि रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आल्या. डोक्यावरचं फडकं सोडलं. भाकर, ठेचा, कांदा.

“घे मास्तर, खाय. त्याले भूक लागे तं सांगे नाही. यंत्रामागं तसाच उभा राहे.”

मी दांडा सोडला आणि तिथेच, जिनासमोर, धुळीत बसून खाल्ली. सगळी. अक्का माझ्यावर पदराची सावली धरून उभ्या होत्या.